कंडेम जॅकेट

माझ्या भावाला आधी बाबांचं जॅकेट आठवलं आणि मग बाबा आठवले.

त्याचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. दादरच्या आमच्या घरात बाबा खिडकीशी खुर्चीवर बसले होते. पेपर मांडीवर, डोळे मिटलेले.

"ताई, शनिवारी संध्याकाळी बाबांना लोअर परळला घेऊन ये. त्यांचा सत्कार आहे."

"कोण करतंय सत्कार?"

"अगं, माझे क्लायंट आहेत. दुकान उघडतायत. जुनी फ्लाइट जॅकेट्स. काही बाहेरच्या देशांतली ओरिजिनल आणि बाकीची नवीन, पण जुनी दिसणारी. बाबांचं सांगितलं तर वेडेच झाले ते. खरा एअर फोर्सवाला माणूस कुठे मिळतो आता?"

माझा भाऊ जाहिरातीच्या धंद्यात आहे. गणपतीनंतर तो बाबांना भेटायला आला नव्हता.

"आणि जॅकेट?"

"ते माझ्याकडेच आहे."

असणारच. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. बाबांच्या नावावरच्या खोलीच्या बदल्यात फ्लॅट मिळाला, त्यात भाऊ राहायला गेला. सामानाबरोबर जॅकेटही वर गेलं. बाबा मात्र माझ्याकडे आले. "बाबांना लिफ्टची भीती वाटते," असं भाऊ नातेवाइकांना सांगायचा. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं विमानात काढली त्याला लिफ्टची भीती वाटते, आणि हे ऐकून कुणी हसतही नसे.

आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. बाबांनीही साच्यावरच उभं राहायचं असं घरात ठरलेलं होतं. पण बाबांनी कुठेतरी भरतीची जाहिरात वाचली आणि घरी न सांगता अर्ज केला. ते विमानदलात गेले. अधिकारी म्हणून नाही, साधे एअरमन म्हणून. पुढे ट्रेनिंग होऊन ते सिग्नलर झाले. मालवाहू विमानात चालवणारे दोघे पुढे बसायचे, त्यांच्या मागे एका अरुंद जागेत वायरलेसच्या यंत्रापुढे बाबा. कानांवर हेडफोन, बाजूला इंजिनांचा आवाज. त्या आवाजाने त्यांचे कान गेले. मला आठवतं तेव्हापासून आम्ही बाबांशी ओरडूनच बोलत आलो. चाळीत नवीन आलेल्या लोकांना वाटायचं, या घरात रोज भांडणं होतात.

जॅकेट होतं ते तपकिरी चामड्याचं, लोकरी कॉलरचं. पितळेची जाड चेन, आतलं अस्तर जागोजागी फाटलेलं. खरं तर असं जॅकेट घरी आणता येत नाही. ते सरकारी सामान, नोकरी सुटली की परत करायचं. पण बाबांचं इतकं झिजलं होतं की स्टोअरवाल्यांनी ते कंडेम केलं, म्हणजे निकामी ठरवलं, आणि निघताना बाबांना नेऊ दिलं. मुंबईत त्याचा काय उपयोग? ते दारामागच्या खिळ्याला टांगलेलं असायचं आणि पावसाळ्यात त्याला बुरशी यायची. आई खोबरेल तेलाच्या फडक्याने ते पुसून काढायची. बाबांनी ते अंगात घातलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

घातलं ते माझ्या भावाने. चाळीच्या गणपतीत वेशभूषेच्या स्पर्धेला तो ते जॅकेट घालून गेला. बाह्या दुमडलेल्या, खाली गुडघ्यापर्यंत लोंबणारं, डोळ्यांवर आईने पुठ्ठ्याचा चष्मा करून दिलेला. माइकवर जाऊन तो म्हणाला, "माझे बाबा पायलट आहेत. त्यांनी शत्रूची विमानं पाडली." टाळ्या पडल्या, पहिला नंबर आला. तेव्हापासून सगळी चाळ बाबांना पायलट म्हणायला लागली. नळावर, वाण्याकडे, सगळीकडे. बाबा प्रत्येकाला सांगायचे, "मी पायलट नव्हतो हो. मी मागे बसायचो." लोकांना वाटायचं, माणूस किती साधा आहे! त्यांचं खरं बोलणंही त्यांच्या मोठेपणात जमा व्हायचं. मग ते सांगायचे थांबले.

शनिवारी मी त्यांना टॅक्सीने घेऊन गेले. जुन्या गिरणीच्या आवारातली शेड होती. वरचं पत्र्याचं छत आणि लोखंडी तुळया तशाच ठेवलेल्या, खाली पिवळे दिवे आणि गार एसी. आजोबा याच गिरणीत होते की शेजारच्या, ते बाबांना नक्की सांगता येईना. आत शिरताना त्यांनी फक्त वर छताकडे बघितलं.

जॅकेटं हारीने टांगलेली होती. एकाच्या पाठीवर रंगवलेली बाई, दुसऱ्याच्या छातीवर ओळीने बाँबची चित्रं. बाबांनी एकाची बाही हातात घेऊन कोपरापाशी बोट फिरवलं. तिथे चामडं घासून पांढरट केलं होतं.

"हे घासलंय कशाने?" त्यांनी विचारलं.

तिथला एक दाढीवाला तरुण खूश झाला. "सॅण्डपेपर, अंकल. आणि मग वॉश. नवीन दिसलं तर कोणी घेत नाही."

माझा भाऊ धावत आला, बाबांच्या पाया पडला. त्याच वेळी कुणीतरी फोटो काढला. मग त्याने बाबांच्या खांद्यावर एक नवीन जॅकेट चढवलं. त्यांचं स्वतःचं जॅकेट पुढे एका धातूच्या स्टँडवर लावून ठेवलं होतं. बाबा त्याच्याकडे जायला लागले तर भाऊ म्हणाला, "नंतर, बाबा, नंतर. आधी स्टेज."

सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड होती. तिने बाबांना खुर्चीत बसवलं, माइक त्यांच्या तोंडाशी धरला आणि कानाशी वाकून ओरडली, "अंकल, तुम्ही किती एनिमी प्लेन्स पाडलीत?"

"एकही नाही," बाबा म्हणाले. "आमच्या विमानात बंदूकच नव्हती."

लोक हसले. मुलगीही हसली. "मग काय टाकायचात? बाँब?"

"पीठ. पीठ, मीठ, साखर, रॉकेल. डोंगरात वरच्या चौक्यांना रस्ते नव्हते ना. कधी जिवंत बकऱ्या, पॅराशूट बांधून."

बकऱ्यांवर मोठा हशा झाला. लोक मोबाइल वर करून शूट करायला लागले. हसणं बाबांना ऐकू येत नव्हतं, पण समोरचे चेहरे दिसत होते. त्यांना वाटलं, लोकांना ऐकायचंय. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या तोंडाशी माइक धरलाच नव्हता. ते सांगत सुटले.

"विमानाचं मागचं दार काढून टाकलेलं असायचं. त्या दारात जवान उभे राहायचे, गोणी लाथेने बाहेर ढकलायला. मी घंटा वाजवायचो. घंटा झाली की ढकलायचं. आम्हाला चामड्याची जॅकेटं होती, त्यांना नुसते लोकरीचे कोट. एक जवान होता आपला, साताऱ्याकडचा. त्या दिवशी त्याला ताप होता. सांगत नव्हता, पण दात वाजत होते. मी उठलो, माझं जॅकेट काढून त्याच्या अंगात घातलं. ढगळ होत होतं त्याला. तो हसला. मग मी जागेवर आलो आणि घंटा दिली. खाली बर्फ साचून फळ्या निसरड्या झालेल्या. गोणीच्या दोराचा फास त्याच्या पायात अडकला आणि गोणीबरोबर..."

मी भावाकडे बघत होते. त्याने हाताने खूण केली. मागून संगीत सुरू झालं, आधी हळू आणि मग जोरात. मुलीने माइक आपल्याकडे घेतला. "ओ माय गॉड, काय स्टोरी आहे! आपल्या हिरोने स्वतःचं जॅकेट एका जवानाला दिलं! जोरदार टाळ्या विंग कमांडर साहेबांसाठी!"

बाबा विंग कमांडर नव्हते. ते पुढेही बोलत होते. त्यांच्याजवळ माइक नाही हे त्यांना कळलं नव्हतं. ओठ हलत होते, हात पुढे करून ते दाराची रुंदी दाखवत होते आणि समोर लोक टाळ्या वाजवत होते.

परतीच्या टॅक्सीत मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, मग काय झालं?"

"काय व्हायचं? पुढची चक्कर मारली. खाली बघितलं. सगळं पांढरं." मग ते म्हणाले, "माझं जॅकेट त्याच्याच अंगात राहिलं ना. स्टोअरमध्ये सांगावं लागलं. तिथल्या माणसाने विचारलं, हरवलं की फाटलं? दोनच कारणं चालायची. तो तरी काय करणार? मी म्हटलं, हरवलं."

"आणि घरी खिळ्यावर होतं ते?"

"ते दुसरं. नंतर मिळालेलं."

"आईला माहीत होतं?"

"नाही गो. तिला कशाला सांगायचं? ती त्याला तेल लावायची."

आयुष्यभर आम्ही त्या जॅकेटाला काय समजत होतो, आणि बाबा रोज दारामागे ते लटकलेलं बघून काय समजत असतील! मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. त्यांना असलं काही आवडायचं नाही.

बाबांचं जॅकेट परत आलं नाही. भाऊ आधी म्हणाला, दोन दिवसांनी आणतो. मग म्हणाला, थोडे दिवस राहू दे, लोक बघायला येतात. मग फोनच उचलेना. एके दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी मोबाइल पुढे केला. "तुझे बाबाच ना हे?"

नवीन जॅकेट खांद्यावर घेतलेले बाबा होते. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: हिमालयात अडकलेल्या एका जखमी सैनिकाला या वैमानिकाने अंगावरचं जॅकेट काढून दिलं. सैनिक वाचला. ते मूळ जॅकेट आमच्या दुकानात पाहा आणि त्याची हुबेहूब प्रत आजच मागवा.

भाषा माझ्या भावाची होती. मी त्याला लहानपणापासून निबंध लिहून दिलेत, त्याची वाक्यं मला कळतात.

मी बाबांना हे सांगणार नव्हते. पण ते रोज विचारायचे, "जॅकेट आणलं का त्याने?" शेवटी एका दुपारी म्हणाले, "चल, आपणच घेऊन येऊ." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

दुपारी दुकान रिकामं होतं. बाबांचं जॅकेट आता काचेच्या कपाटात होतं, वरून प्रकाश सोडलेला. अस्तर शिवून घेतलं होतं, चामड्याला पॉलिश केलं होतं. डाव्या छातीवर सोनेरी धाग्याचे दोन पसरलेले पंख शिवलेले होते, वैमानिकाचे. खाली पितळी पाटी, तिच्यावर मोबाइलवरचाच मजकूर. बाबांनी खिशातून वाचायचा चष्मा काढून चढवला आणि पाटीवरची एकेक ओळ बोटाने वाचली.

"वाचला?" ते म्हणाले. "कोण वाचला?"

मग त्यांनी पंखांकडे बोट केलं. "हे माझे नाहीत. सिग्नलरला एकच पंख असतो. एका बाजूला गोल, त्यात अक्षर, आणि एक पंख." हे ते तक्रार म्हणून बोलले नाहीत. रुमाल आपला नाही हे धोब्याला सांगावं, तसं सांगितलं.

काउंटरवरची मुलगी जवळ आली. विशीतली असेल, मराठीच होती, बोलायला चांगली. मी तिला म्हटलं, हे यांचं जॅकेट आहे, आम्हाला परत हवंय. ती गोंधळली. "मॅडम, मालक आल्याशिवाय मला कपाट उघडता येणार नाही. आणि सर म्हणाले होते की फॅमिलीनेच दिलंय कायमचं." सर म्हणजे माझा भाऊ.

"फॅमिली मी आहे," बाबा म्हणाले. त्यांना तिच्या ओठांवरून एवढं कळलं होतं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. तिला खरंच वाईट वाटलं असावं. ती मोठ्याने म्हणाली, "अंकल, इथे लिहिलंय ते खरं नाही का? मग खरं काय झालं होतं?"

बाबांनी काचेवर हात टेकला. "त्यात त्याचं नाव नाही," ते म्हणाले. "आधी त्याचं नाव लिहा. लिहून घे."

ती काउंटरवरून पेन घेऊन आली. "सांगा, काय नाव?"

बाबांनी तोंड उघडलं. आणि ते तसेच उभे राहिले.

मी बघत होते. आधी वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे येत गेलं ते मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. ते पाटीकडे बघत होते, मग जॅकेटकडे, मग त्या मुलीच्या हातातल्या पेनकडे. ओठांनी काहीतरी जुळवून बघत होते, आणि ते जुळत नव्हतं.

"देवाचं नाव होतं, बाय," शेवटी ते मला म्हणाले. "कुठल्या देवाचं, ते..."

मुलीने खुर्ची आणली. ते बसले नाहीत. "असू दे, अंकल, नंतर फोन करून सांगा," ती म्हणाली, आणि तिने पेन खिशात ठेवलं. आम्ही बाहेर आलो. जॅकेट मागायला आलो होतो हे दोघांनाही आठवलं नाही.

त्यानंतर बाबा त्या नावाच्या मागे लागले. जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचे. मी शाळेला निघाले की म्हणायचे, "बाय, देवांची नावं सांग बघू." मी चपला घालता घालता सांगायचे. प्रत्येक नावाला ते मान हलवायचे, नाही, नाही. त्यांच्या बरोबरीच्या लोकांतलं कोणी विचारण्यासारखं उरलं नव्हतं. त्या जवानाला ओळखणारी माझ्या माहितीतली या जगात एकच व्यक्ती होती, आणि ती देवांची नावं ऐकत दादरला खिडकीत बसली होती. ज्याने ती गोष्ट विकली त्याला नाव विचारावंसं वाटलं नव्हतं. मला तरी टॅक्सीत कुठे सुचलं होतं!

मी लालबागला भावाच्या घरी गेले आणि त्याला सगळं तोंडावर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. बायकोने पाणी आणलं.

"ताई, तू उगाच इमोशनल होतेस," तो म्हणाला. "बाबांना कोणी ओळखत होतं का? आज हजारो लोक त्यांचा फोटो बघतात. त्यात वाईट काय झालं?"

"तो माणूस मेला होता. तू त्याला जाहिरातीत वाचवलंस."

"मग चांगलंच केलं ना? मेलेल्या माणसाचं जॅकेट कोण विकत घेईल?"

तो हे उपरोधाने बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानंतर त्याच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. त्याच्या दिवाणखान्याच्या खिडकीतून खाली जुन्या चाळींची कौलं दिसत होती, अजून पाडायची राहिलेली. मी पाणी न पिता उठले.

बाबा पावसाळा संपता संपता गेले, परळच्या हॉस्पिटलमध्ये. छातीत पाणी झालं होतं. शेवटचे काही दिवस ते माझ्याशीही फार बोलत नव्हते. नाव त्यांना आठवलं नाही. निदान मला तरी सांगितलं नाही.

अंत्यदर्शनाला त्यांना लालबागलाच न्यायचं, असा भावाने हट्ट धरला. जुनी माणसं तिथली, ते खरंच होतं. टॉवरच्या खालच्या मोकळ्या जागेत त्यांना ठेवलं. चाळीतल्या म्हाताऱ्या बायका आल्या, ढोलपथकातली पोरं आली, कोणी कोणी माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेलं. तेवढ्यात एका टेम्पोतून मोठं पुष्पचक्र उतरलं. पांढरी फुलं, मधोमध सॅटिनची पट्टी आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत त्या दुकानाचं नाव. भावाने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि बाबांच्या छातीवर ठेवलं.

मी पुढे झाले आणि ते उचलून बाजूला भिंतीशी टेकवून ठेवलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग तो भिंतीपाशी गेला, पुष्पचक्र परत आणलं आणि बाबांच्या छातीवर ठेवलं. त्या दाढीवाल्या तरुणाने मोबाइल वर धरला होता. अक्षरं नीट दिसावीत म्हणून भावाने पट्टी जरा सरळ केली.

मला ते पुन्हा उचलता आलं असतं. पण मग त्याने परत ठेवलं असतं, आणि बाबांच्या अंगावर आम्ही दोघं ओढाताण करत राहिलो असतो, सगळ्या लालबागसमोर. गुरुजी घाई करत होते. मी बाबांच्या पायांशी जाऊन उभी राहिले. त्यांच्या पायांच्या टाचा भेगाळलेल्या होत्या. सकाळी त्यांना तेल लावायचं राहून गेलं होतं.

मग चौघांनी त्यांना उचललं.